जेवायची हाक

हिबोला दादीच्या घरातल्या लपायच्या जागा सापडायला दोन दिवसही लागले नाहीत.

भाताच्या कणगीमागे एक. पडवीत जुन्या जाळ्यांचा ढीग होता, त्याच्या पोटात दुसरी. न्हाणीघराच्या चुलीपाशी लाकडं रचली होती, ती आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी फट होती. तिथून मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. पोस्टमनने बाहेर सायकलची घंटा वाजवली की सहा वर्षांची ती पोर दिसेनाशी व्हायची. रडणं नाही, ओरडणं नाही, पळताना पावलांचा आवाजही नाही. पहिल्या दिवशी रहिमादादी हसली होती. "खेळतंय पोर," असं शेजारणीला म्हणाली होती. मग एकदा जाळ्यांच्या ढिगातून नातीला बाहेर काढताना तिने पोरीच्या छातीवर हात ठेवला, आतली धडधड हाताला लागली, आणि त्यानंतर ती या गोष्टीला कधी हसली नाही.

रहिमादादीचं घर भाट्याच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर होतं. तिथं दर्यावर्दी मुसलमानांची थोडी घरं आणि त्यांना लागून भंडाऱ्यांची वाडी. तिचा एकुलता मुलगा मजीद जहाजाच्या इंजिनावर कामाला म्हणून गेला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोमालियात उतरून तिथलाच झाला. हर्गेसा नावाच्या शहरात त्याने पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान काढलं, होदन नावाच्या मुलीशी लग्न केलं. आईला सुनेचा एक फोटो पाठवला. फोटोत होदन हसत होती.

गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, त्या शहरावर त्याच देशाच्या सरकारची विमानं बाँब टाकू लागली. विमानं लांबून येत नव्हती. शहराच्याच विमानतळावरून उडायची, शहरावर बाँब टाकायची आणि पुन्हा तिथंच उतरायची. खाली शिपाई घरोघर फिरत होते. मजीदला त्यांनी दुकानातून नेलं. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. होदन मुलीला घेऊन चालत सरहद्दीपलीकडे गेली, तंबूंत राहिली, तिथून जिबुतीला पोचली, तिथून जहाजाने मुंबई आणि मुंबईहून एसटीने रत्नागिरी. फोटोतली बाई आणि दारात उभी राहिलेली बाई एकच आहे हे पटायला रहिमादादीला वेळ लागला.

हिबोला बापाची कोकणी बोली येत होती. एसटीतून उतरल्यावर तिने दादीला पहिला प्रश्न विचारला तो असा: "दादी, या गावात विमानतळ हाय?"

"हाय की. वर माळावर हाय. पण इमान कधी येत नाय गो."

ही शेवटची गोष्ट हिबोने मुळीच मानली नाही. दुपारी घार वरून गेली तरी ती आधी दाराकडे बघायची.

होदनची भीती वेगळी होती. तिला राहायची परवानगी थोड्या थोड्या मुदतीची मिळत होती. दर वेळी पोलिसांच्या कचेरीत जाऊन बाकावर बसायचं, विचारतील त्याला उत्तर द्यायचं. तिथला साहेब चांगला होता; बसा म्हणायचा. पण हर्गेसातले शिपाईही आधी चांगलेच वागायचे, हे होदनने पाहिलं होतं. मजीदच्या दुकानात ते चहा प्यायचे.

अशात शिमगा आला.

कोकणात शिमगा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पोर आईच्या कडेवर असताना ढोल ऐकतं, पालखी बघतं, आणि मोठं झाल्यावर त्याला आठवतही नाही की आपल्याला हे कधी माहीत नव्हतं. म्हणूनच असेल, पण हिबोला ते सांगायचं राहून गेलं. रहिमादादीच्या मनातही आलं नाही. उलट ती खुशीत होती. पौर्णिमेच्या सकाळी भंडारवाडीतले लोक होळीचं झाड तोडून खांद्यावरून आणायचे, मागून देवाची पालखी यायची. वाटेत दादीच्या अंगणात झाडवाल्यांनी थांबायचं आणि पाणी प्यायचं, गूळ खायचा, ही रीत तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून चालत आलेली. या वर्षी गुळाचं ताट नातीच्या हातात द्यायचं असं दादीने ठरवलं होतं. सगळ्या वाडीने मजीदच्या पोरीचं तोंड बघावं.

होदन पहाटेच ओहोटीला मुळे काढायला खाडीत गेली होती. खाडीच्या चिखलातले हे शिंपले काढायला तिला दादीनेच शिकवलं होतं. हिबोने धुतलेला निळा फ्रॉक घातला. दादीने तिच्या हातात ताट दिलं आणि तिला उंबऱ्यात उभं केलं.

"मानसं येतील. त्यांना गूळ द्यायचा. घाबरायचा नाय, सगली आपलीच हत."

हिबोने मान हलवली.

आधी ढोल ऐकू आले. मग आरोळी. तोंडावर हात मारत तीस-चाळीस पुरुष एकदम ओरडतात ती. मग माडांच्या मधून झाड दिसलं: सोललेलं लांब खोड, टोकाला हिरवा पाला, आणि त्याखाली खांदे, दोर, कंबरेला लावलेले कोयते. तोंडं गुलालाने लाल झालेली. कडेने बंदोबस्ताचा हवालदार खाकी कपड्यांत चालत होता. सगळ्यांच्या पुढे भागोजी. भागोजी वाडीचा मानकरी. पालखीचं, झाडाचं सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. लहानपणी मजीद आणि तो एका होडीत खेकडे पकडायचे. त्याला मित्राच्या पोरीला बघायची मोठी घाई झाली होती.

"रहिमाकाकी!" अंगणाच्या कडेवरून तो ओरडला. "कुठं हाय गो मजीदची पोर? काय नाव तिचा? हिबो ना? हिबोऽऽ!"

आणि मागच्या सगळ्यांनी, शिमगाच तो, ते नाव उचललं. "हिबोऽऽ! हिबोऽऽ रेऽऽ!"

कोयते लावलेले पुरुष, त्यांच्याबरोबर खाकी कपड्यांतला माणूस, आणि ते दारात येऊन तिचं नाव घेत होते.

ताट पडलं नाही. हिबोने ते आवाज न करता खाली ठेवलं. दादीने वळून बघितलं तेव्हा उंबऱ्यात गुळाचं ताट होतं आणि मागचं दार उघडं होतं.

"लाजली!" भागोजी हसला. लोकांनी पाणी प्यायलं, गूळ खाल्ला, "पुढल्या वर्षी दाखवा हो नात," म्हणत झाड उचललं आणि ते सहाणेकडे, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्याकडे, गेले.

रहिमादादीने कणगीमागे पाहिलं. जाळ्यांत पाहिलं. लाकडांमागे पाहिलं. मग ती अंगणात येऊन उभी राहिली आणि शेजारच्या हुसेनला हाक मारली. हुसेन होडीवाला, तिच्या दिराचा मुलगा. "हुसेन, पोर घरात नाय रे," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिचं लक्ष खाडीकडे गेलं. पौर्णिमेची भरती चढायला लागली होती.

हुसेनने "हिबो, हिबो" करत माडांत शोधलं. त्याचं ऐकून बायका निघाल्या. सहाणेवर झाड टेकवून भागोजीची माणसं परत फिरली, तीही शोधायला धावली. वीस-तीस गडी खाडीच्या बांधावरून पसरले आणि प्रत्येक जण छातीतून दम काढून तिचं नाव ओरडू लागला. मागून पालखी आली, तिचे ढोल आले. सगळ्यांच्या मनात एकच होतं, पोर सापडावी. आणि जितके ते जोराने ओरडत होते तितकी ती आत आत जात होती, हे कुणालाच कळत नव्हतं.

होदनने ते खाडीतून ऐकलं. मुळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती गुडघाभर चिखलातून परत येत होती, आणि तिला पुरुषांचे पुष्कळ आवाज तिच्या मुलीचं नाव घेताना ऐकू आले.

ती बांधावर कशी चढली हे तिला नंतर सांगता आलं नाही. ती सोमालीत ओरडत होती. दादीने तिचे दोन्ही हात धरले, "लपली हाय ती, कुणी काय केला नाय, शिमगा हाय गो, शिमगा!" पण होदनला शिमगा हा शब्द माहीत नव्हता.

तेवढ्यात खालून सोनूबाई ओरडली. सोनूबाई मासे विकणारी. तिचा आवाज मिरकरवाड्याच्या लिलावातही वेगळा ऐकू यायचा. ती बांधाखाली चिखलात वाकून उभी होती.

"हितं पावलं हत! बारकी पावलं! मोरीत गेलीत!"

बांधाच्या आत भातशेती होती आणि बाहेर खाडी. पावसाचं पाणी शेतातून खाडीत जावं म्हणून बांधाच्या पोटातून एक दगडी मोरी काढलेली होती. शेताकडच्या तोंडाला फळ्या बसवून त्या चिकणमातीने लिंपलेल्या, म्हणजे उधाणाचं खारं पाणी शेतात शिरत नाही. खाडीकडचं तोंड मात्र उघडं. ओहोटीला मोरी कोरडी असते. भरतीला ती छपरापर्यंत भरते.

सोनूबाईने आत डोकावून पाहिलं. अंधारात, खूप आत, दोन डोळे दिसले आणि लगेच मागे सरले.

"हाय! आत हाय पोर! ये गो बाय, ये भायेर! अगो पानी येतंय, ये!"

होदन चिखलात गुडघे टेकून बसली आणि किंचाळली, "हिबो! हिबो, बाहेर ये! लवकर ये!" आतून पाण्यात काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तो जवळ आला नाही, लांब गेला.

मोरीच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढं होतं.

हुसेन आडवा होऊन आत शिरायला लागला आणि खांद्यांपाशी अडकला. त्याला दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं. "फळ्या तोडा!" भागोजी म्हणाला. "तिकडनं काढू. आणा रे कोयते!"

"येडा झालास काय?" हुसेन तोंडावरचा चिखल पुसत म्हणाला. "सगली भरती हितनं घुसंल. पोर त्या फळ्यांवर जाऊन आदळंल. आनि कोयत्याचा आवाज ऐकून ती काय करंल?"

"मग कुनाच्या तरी पोराला धाडूया आत."

"एकाची दोन करायचीत?" सोनूबाई म्हणाली.

होदनने एकाएकी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. ती तशीच दादीकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून दादीला वाटलं, पोर गेली.

"अम्मा," होदन हळू म्हणाली. तिची भाषा मोडकीतोडकी होती, मजीदची कोकणी आणि सिनेमातली हिंदी मिळून झालेली. "माझ्यामुळं येत नाय. मी शिकवला तिला."

"काय शिकवलंस?"

होदनने सांगितलं. हर्गेसात शेजारी एक बाई होती. तिचे दोन मुलगे माळ्यावर लपले होते. शिपायांनी त्या बाईला केसांनी धरून अंगणात उभं केलं आणि म्हणाले, हाक मार. तिने हाक मारली. आईचा आवाज ऐकून मुलगे खाली आले. त्या दिवशी होदनने हिबोला सांगितलं, लपलीस की माझ्या हाकेला यायचं नाही. माझ्या आवाजात भीती असली तर ती हाक माझी नाही. त्यांनी मला धरलंय असं समज. आणखी आत जा. रोज जेवायला बोलावते तशी हाक ऐकू आली, तरच ये.

चालत सरहद्द ओलांडताना ती रोज मुलीकडून हा धडा म्हणून घ्यायची. पोरीने तो चांगला पाठ केला होता.

"मग जेवायला हाक मार," दादी म्हणाली.

होदनने तोंड उघडलं. मग मिटलं. "नाय होत, अम्मा."

रहिमादादी उठली. ती उंच नव्हती, आणि आयुष्यात तिने कधी पुरुषांच्या घोळक्यात आवाज चढवला नव्हता. आताही तिने चढवला नाही.

"बसा," ती म्हणाली. "सगले बसा. रोज सकाली बांधावर बसता तसे बसा आनि बोला. कुनी तिचा नाव घ्यायचा नाय. हवालदारसायब, तुमी तो शर्ट काढा."

हवालदाराने एकदा भागोजीकडे पाहिलं आणि बटणं सोडायला लागला. शर्टाची घडी करून त्याने ती खाली ठेवली आणि वर बसला, पँटवर कुणाचा तरी पंचा ओढून, खाकी दिसू नये म्हणून.

राहिला ढोल. पालखी बांधाच्या वरच्या अंगाला खांद्यांवर थांबली होती. देवळातून पालखी उठली की सहाणेवर बसेपर्यंत ढोलाचा ताल तुटायचा नाही. तुटला तर गावावर काय येतं याच्या गोष्टी प्रत्येकाने आजीकडून ऐकल्या होत्या. ढोलवाला बाळा भागोजीच्या तोंडाकडे बघत वाजवतच होता. भागोजीच्या कपाळावर गुलालातून घामाच्या रेघा उतरल्या. तो बाळाजवळ गेला. त्याच्या हातातली काठी काढून घेतली, त्याचं एक बोट धरलं आणि ते ढोलाच्या कातड्यावर टेकवलं.

"बोटानं वाजव," तो कुजबुजला. "तुटू द्यायचा नाय. पन तुजा तुला पन ऐकू यायला नको."

बाळा बोट आपटत राहिला. भोई खांद्यावर पालखी घेऊन तसेच उभे राहिले. सगळी वाडी बांधावर खाली बसली, आणि खाडीचं पाणी ऐकू यायला लागलं.

हुसेन मोरीच्या तोंडाशी दगडावर बसला, पाय पाण्यात सोडून, जणू पाय धुवायला बसलाय. पाणी त्याच्या घोट्याच्या वर होतं.

रोज बसून बोलतात ती माणसं, पण बोला म्हटल्यावर सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. शेवटी सोनूबाईने पदर खोचला.

"काय वो भागोजीदादा, परवाच्या बांगड्यांचं काय झाला? घेतलेत आनि वैनी सांगत होती, वास मारीत होते."

"वास?" भागोजी म्हणाला. त्याचा आवाज घोगरा निघाला. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "वास मारीत होते म्हंजे? डोळे बगितलेस तू त्यांचे? तुज्यापेक्षा म्हातारे होते ते बांगडे."

"माज्यापेक्षा म्हातारा या वाडीत एकच हाय, तो तुमचा बैल."

कुणीतरी हसलं. हसणं खरं नव्हतं, पण हसण्यासारखं होतं. नुसत्या बनियनमध्ये बसलेला हवालदार म्हणाला, "आमच्याकडं वर घाटात बांगडा मिळतच नाय," आणि तीन बायकांनी एकदम, "मिळंल कसा, डोंगरावर काय दर्या हाय?" असं त्याला विचारलं. बोलणं चालू झालं. ते बोलत होते आणि प्रत्येकाचे डोळे हुसेनच्या पायांवर होते. हुसेनने नडगीवर, अर्ध्यावर, आडवं बोट ठेवून दाखवलं.

होदनने हाक मारली. "हिबो..." शेवटचं अक्षर फाटलं. मोरीत चाललेली बारीकशी चुळबुळ थांबली. भागोजीने डोळे मिटून घेतले.

दादीने मुळ्यांची टोपली होदनच्या पुढ्यात ओढली. "हे निवड," ती म्हणाली. "फुटके काढ. माज्याकडं बघू नको, पान्याकडं बघू नको. हाताकडं बघ."

होदनने एक मुळा उचलला. तो बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तिच्या बोटांत शिंपल्यांचा कडकड आवाज होत होता. हळूहळू तो कमी झाला. फुटका इकडे, चांगला तिकडे. दादी तिच्याशी बोलत राहिली, मुळे बारीक आहेत, आता खाडीच्या पलीकडच्या अंगाला जायला हवं, तिकडे चिखल फार. होदन "हां अम्मा," म्हणत राहिली. दोनदा तिने हाकेसाठी श्वास घेतला आणि दोन्हीदा सोडून दिला. हुसेनचं बोट नडगीवरून चढत गुडघ्याशी आलं. मोरीच्या छपराचा दगड आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर हवा उरली होती.

सोनूबाई बांगड्यांचा भाव सांगत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"हे बग, वाळूच भरलीय यात," होदन दादीला म्हणाली, कंटाळलेल्या आवाजात, आणि मुळा टोपलीत फेकून, मान न वळवता म्हणाली, "हिबो, जेवायला ये."

काही झालं नाही. कुणी हललं नाही.

मग मोरीतून, दगडात घुमून, एक बारीक आवाज आला. "काय केलंय?"

"भात. मुळ्यांचा कालवण."

"तिखट हाय?"

होदनचा हात टोपलीत थांबला. ओठांवर आलं होतं, नाही गं, गोड आहे, तुला हवं ते आहे, ये. सगळी वाडी वाट बघत होती की ती तेच म्हणेल. पण रोज काय होतं हे दादीला माहीत होतं. रोज हिबो तिखटावरून तोंड वेंगाडायची आणि रोज होदन तिला रागावायची. गोड बोलणारी आई हिबोने एकदाही ऐकली नव्हती. आई गोड बोलली असती तर पोर समजली असती की आईला कुणीतरी धरलंय.

"तिखट हाय," होदन म्हणाली. "नको तर ऱ्हा उपाशी."

भागोजीने मूठ तोंडात घातली.

पाण्यात हालचाल झाली. हुसेन पाय न हलवता बसून राहिला. दादीने त्याला हाताने, थांब, असं केलं होतं. आधी छपराच्या दगडाला धरलेली बोटं दिसली. मग वर केलेली हनुवटी, कारण बाकी सगळं पाण्याखाली होतं. हिबोने तोंडाशी येऊन बाहेर बघितलं. बांधावर माणसं बसली होती. मासे, बैल, घाट असलं काहीतरी बोलत होती. एक माणूस पाय धूत होता. आई मुळे निवडत होती.

ती बाहेर आली. हुसेनच्या गुडघ्याला धरून ती दगडावर चढली तेव्हाही तो तिच्याकडे न बघता खाडीकडे बघत राहिला. फक्त त्याचे ओठ हलत होते. होदनने तिचा दंड धरला. "सगला फ्रॉक भिजवलास," ती म्हणाली. तिच्या मागे मोरीच्या तोंडात पाणी छपराला लागलं आणि तिथून एक मोठा बुडबुडा निघाला.

वाडीतल्या बायका ओरडणार होत्या. दादीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

हिबोने आजूबाजूला पाहिलं. "भात कुठाय?"

भात नव्हता. होदन पहाटेपासून खाडीत होती, दादीने सकाळपासून चूल पेटवली नव्हती. होदनने दादीकडे पाहिलं. ही हाक खोटी पडली तर मुलगी पुन्हा कोणत्या हाकेला येणार होती? दादीच्या ते ध्यानात आलं, आणि सोनूबाईच्याही. "आनतेय, आनतेय, माजीच चुकी, ताट घरात ऱ्हायला," असं बडबडत सोनूबाई उठली आणि कुणाला दिसेनाशी होईपर्यंत चालत गेली, मग धावली. ती परत आली तेव्हा पितळीत गरम भात होता आणि तिच्या सणाच्या चुलीवरचं आमटीसारखं काहीतरी होतं, त्यात घाईघाईने मिरचीपूड टाकून हलवलेली. एक मुळाही नव्हता. हिबोने बोट बुडवून चाखलं, तोंड वेंगाडलं, आणि तिला ते पटलं.

होदन तिला बांधावरच भरवायला लागली. वर भोयांचे खांदे भरून आले होते. भागोजीने दादीकडे पाहिलं आणि दादीने मान हलवली. बाळाने बोटाऐवजी पंजा वापरला, अगदी हळू, आणि पालखी सहाणेकडे निघाली. हिबोचं चावणं थांबलं.

"तो ढोल हाय," दादी तिच्याजवळ बसून म्हणाली. "आदी सांगायला हवा होता मी. आता सांगतंय. पालखीत देव हाय त्यांचा. वर्षानं एकदा घरातनं भायेर येतो, म्हनून वाजवतात. कोयते झाड तोडायला होते. तुजा नाव घेत होते ते तुला बघायला." ती एकेक गोष्ट सावकाश सांगत होती, आणि हिबो ऐकत होती, ऐकताना मोरीपासून घरापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होती.

मग ती आईकडे वळली. "तुजा हात का हलतोय?"

होदनच्या हातातला घास सांडत होता. आता, सगळं झाल्यावर, हात आवरत नव्हता.

"मी घाबरले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तुला हाक मारली तेव्हा."

हिबो पुष्कळ वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "पन आवाज तर रोजचा होता."

होदनला तेव्हा कळलं की आज तिने काय केलंय. भीती आवाजातून काढून टाकता येते हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. आता मुलीलाही कळलं होतं. त्या धड्यात आता काही उरलं नव्हतं. तिला एवढंच सांगायचं होतं: इथं ते नको. इथं मी किंचाळले तरी ये, रडत हाक मारली तरी ये, आधी त्याच हाकेला ये. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तिने वर पाहिलं. भागोजी तोंडावरचा गुलाल आणि घाम पुसत पालखीमागून चालला होता आणि मागे वळून वळून बघत होता. हुसेन अजून दगडावर तसाच बसून होता. आणि हवालदाराने खाकी शर्ट झटकून अंगात घातला होता. तो खालून वर एकेक बटण लावत होता. मध्येच हिबोकडे बघून हसला. चांगलं हसला.

हिबो त्या बटणांकडे बघत होती.

"जेव," होदन एवढंच म्हणाली, आणि पुढचा घास केला.